जुने अंक स्कॅन करायला घेताय?

जुन्या मासिकाचं पान एकदाच, पण नीट घ्या: रंगीत, ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), टिफ (तपशील न गमावणारी चित्रफाइल). वाचकांसाठी त्यातूनच हलकी पीडीएफ काढा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे घडीवर मोडतो, म्हणून अंक काचेखाली दाबू नका. व्ही आकाराच्या आधारावर, शिवण देईल तेवढाच उघडा. जाहिराती अजिबात वगळू नका, अभ्यासकांना बहुधा त्याच हव्या असतात!

लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं होऊन पुढची १ जानेवारी उलटली की भारतात कॉपीराइट संपतो; मग ते लेखन खुशाल सर्वांना खुलं करा. फाइल दडवली की लोक मूळ अंक मागतात आणि झिजतो तोच. स्कॅन झालेला अंक मात्र रद्दीत जाऊ देऊ नका. शाई, कागद, बांधणी पडद्यावर तपासता येत नाही.