जेनिफरची धाकटी बहीण: फेलिसिटी केंडल यांच्याबद्दलचे तुमचे प्रश्न

पृथ्वी थिएटर उभं करणाऱ्या जेनिफर केंडल कपूर यांच्यावर मागे लिहिलं, तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीचा, इंग्लंडमधल्या अभिनेत्री फेलिसिटी केंडल यांचा, उल्लेख जेमतेम एका ओळीत केला होता. ती ओळ अनेकांना पुरली नाही. पुरण्यासारखी नव्हतीच. आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेते आहे.

ठाण्याचे एक वाचक विचारतात: "इंग्लंडमधली एवढी लाडकी अभिनेत्री भारतात कशी वाढली? वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत होते का?"

नाही. वडील नट होते आणि फिरत्या नाटक कंपनीचे मालक होते. जेफ्री केंडल यांचं मूळ आडनाव ब्रॅग. रंगभूमीवर वावरताना त्यांनी आपल्या जन्मगावाचं, केंडलचं, नाव लावलं. पत्नी लॉरा लिडेल याही अभिनेत्री. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी नाटकं करायला दोघं भारतात आले, आणि हा देश त्यांच्या मनात बसला. १९४७ साली ते पुन्हा आले ते स्वतःची 'शेक्सपिअराना' ही कंपनी घेऊन.

फेलिसिटीचा जन्म २५ सप्टेंबर १९४६ चा, इंग्लंडमधल्या ऑल्टनचा. नऊ महिन्यांची असताना ती रंगमंचावर आली. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये ज्या बाळावरून परीराजा आणि परीराणीचं भांडण जुंपतं, ते बाळ म्हणून. गंमत बघा, शेक्सपिअरच्या संहितेत ते बाळ एका भारतीय राजाकडून पळवून आणलेलं आहे.

ती सात वर्षांची होण्याच्या सुमारास सगळं कुटुंब पुन्हा भारतात आलं. मग सुरू झाले दौरे. जून १९५३ ते डिसेंबर १९५६ या साडेतीन वर्षांत कंपनीने भारत, पाकिस्तान, सिंगापूर, मलाया असं फिरत ८७९ प्रयोग केले. म्हणजे दर दीड दिवसाला एक, प्रवासाचे दिवस धरून! आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडांची वर्णनं ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. पेट्या बांधायच्या, गाडी गाठायची, संध्याकाळी नव्या गावात पडदा वर. आज संस्थानिकाचा महाल, उद्या शाळेचा हॉल. या धावपळीत फेलिसिटीने सहा कॉन्व्हेंट शाळा बदलल्या. आधी पोरसवदा नोकर आणि बालभूमिका, पुढे शेक्सपिअरच्या व्हायोला, जेसिका, ऑफेलिया. सतराव्या वर्षी कलकत्त्यात विषमज्वराने गाठलं, त्यातूनही ती उठली.

माझ्या मते तिची खरी नाट्यशाळा हीच. इंग्रजी अर्धीमुर्धी कळणाऱ्या मुलांना शेक्सपिअर ऐकवायचा, तर नुसत्या शब्दांवर भागत नाही. समोरचा प्रेक्षक कंटाळू लागला की ते अंगाला कळावं लागतं.

पुण्याच्या वाचक विचारतात: "'शेक्सपिअरवाला' हा सिनेमा म्हणजे याच कुटुंबाची खरी गोष्ट ना?"

अर्धी खरी. १९६५ चा हा सिनेमा. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, निर्माते आपल्या मुंबईचे इस्माईल मर्चंट, लेखन रूथ प्रवर झाबवाला यांचं आणि संगीत सत्यजित राय यांचं. जेफ्री यांच्या १९४७ च्या दैनंदिनीतून गोष्टीचं बीज आलं. पडद्यावरच्या बकिंगहॅम दांपत्याच्या भूमिकेत जेफ्री आणि लॉरा, त्यांची मुलगी लिझी म्हणजे फेलिसिटी. तिच्या प्रेमात पडणारा संजू शशी कपूर, म्हणजे प्रत्यक्षात तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. छोट्या भूमिकेत जेनिफरही आहे, आणि महाराजा झालेले उत्पल दत्त स्वतः कधीकाळी या कंपनीत काम केलेले.

एक प्रसंग जरूर पाहा. 'ऑथेल्लो'चा प्रयोग ऐन शेवटाला आला आहे, डेस्डेमोनाच्या मरणाचा प्रवेश चालू आहे, आणि मंजुला ही सिनेनटी उशिरा प्रेक्षागृहात शिरते. सगळ्या माना तिच्याकडे वळतात. मंचावर मृत्यू, आणि खाली सह्या घ्यायची झुंबड. मंजुला झालेल्या मधुर जाफरी यांना याच भूमिकेसाठी बर्लिन महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता.

सिनेमातली कंपनी मोडकळीला आलेली, प्रेक्षकांनी टाकलेली दाखवली आहे. जेफ्री यांना हा पराभवाचा सूर पटला नव्हता. त्यांची कंपनी दिमाखात चालली होती, असंच त्यांचं म्हणणं. शेवटी लिझी बोटीने इंग्लंडला जाते, ते मात्र खरं निघालं. सिनेमा झाला आणि फेलिसिटीही गेली.

नागपूरचे वाचक जरा रागावून लिहितात: "यूट्यूबवर 'द गुड लाइफ'चे तुकडे पाहिले. सगळी मजा शेजारीण मार्गोची आहे. बार्बरा नुसती गोड दिसते. तिचं एवढं कौतुक का?"

तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला, कारण इंग्लंडमधल्या समीक्षकांनीही अनेक वर्षं हेच केलं. मार्गोसाठी पेनेलपी कीथ यांना बाफ्टा हा मानाचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, आणि फेलिसिटीची बार्बरा 'गोड' ठरून बाजूला राहिली.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीबीसीने १९७५ ते १९७८ मध्ये ही विनोदी मालिका दाखवली, लेखक जॉन एस्मंड आणि बॉब लार्बी. लंडनजवळच्या सर्बिटन या खात्यापित्या वस्तीत राहणारा टॉम गुड चाळिशी गाठतो. त्याची नोकरी काय, तर नाश्त्याच्या पाकिटात फुकट मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांची डिझाइनं काढणं. तो नोकरी सोडतो आणि तो व त्याची बायको बार्बरा घराचं अंगण नांगरून तिथेच पिकवायचं, तिथेच खायचं ठरवतात. बकरी येते, डुकरं येतात, लेनिन नावाचा कोंबडा येतो. कुंपणापलीकडे जेरी आणि मार्गो, श्रीमंत आणि टापटीप. जेरी झालेले पॉल एडिंग्टन हेच पुढे 'येस मिनिस्टर'चे मंत्रिमहोदय झाले.

आता बार्बरा. टॉम रिचर्ड ब्रायर्स यांनी केला आहे, भन्नाट वेगाने. टॉम स्वप्न पाहतो, भाषण देतो, हात उडवतो. मार्गो पलीकडून येऊन वाक्य टाकते आणि हशा वसूल करते. या दोघांच्या मध्ये कुणीतरी हे सगळं खरं मानणारं हवं असतं, नाहीतर मालिकेचं प्रहसन होतं. ते काम बार्बराचं. थंडी तिला वाजते, हातांना चिखल तिच्या लागतो, चांगला कपडा अंगावर घालून किती दिवस झाले ते तिलाच आठवतं. टॉमचं वेड आपल्याला पटतं, कारण तिला ते पटलेलं असतं, आणि ते भाबडेपणाने पटलेलं नसतं.

यावेळी बघताना असं करा, आवाज बंद ठेवा. मार्गो बोलत असताना बार्बराकडे बघा. ती ऐकते. नुसती वाट पाहत उभी नसते. डोळ्यांत आधी हसू येतं, ते ती गिळते, मग मार्गोची कीव येते, आणि त्यानंतर तिचं वाक्य येतं. मालिकेचं चित्रीकरण स्टुडिओत प्रेक्षकांसमोर होत असे. त्या हशाला वाट करून द्यायची आणि तरी प्रसंगाची पकड सुटू द्यायची नाही, ही कसरत दौऱ्यावर वाढलेल्या नटालाच साधते.

मालिकेच्या चौथ्या पर्वातला एक भाग माझ्या मनातून जात नाही. दोघं घरी परततात तर गुंडांनी घरात शिरून सगळ्याची नासधूस केलेली. तीन वर्षं ज्या भिंतींमध्ये आपण हसलो, तिथे अचानक शांतता. बार्बराचा धीर सुटतो, आणि हे रडणं कुठेही ठिगळासारखं वाटत नाही. विनोदी मालिकेत असा क्षण पेलायचा, तर आधीचे सगळे भाग त्या बाईने खरे जगलेले असावे लागतात. 'नुसती गोड' असती तर हा भाग कोसळला असता.

आणि हो, पहिल्या भागात मार्गो दिसतच नाही, नुसता आवाज ऐकू येतो. तो भाग कुणी पेलला, ते बघा.

कोल्हापूरच्या, हौशी रंगभूमीवर काम करणाऱ्या वाचक: "विनोदी भूमिकांचा शिक्का बसला की गंभीर भूमिका मिळत नाहीत, हा माझा अनुभव. फेलिसिटी यांना तो शिक्का पुसता आला का?"

पुसला असं म्हणणार नाही. त्यांनी दोन्ही कामं शेजारी शेजारी चालू ठेवली. वर्तमानपत्रं त्यांच्या गोडव्यावर आणि रूपावर रकाने भरत होती, तेव्हा त्या नॅशनल थिएटरमध्ये होत्या. १९७९ मध्ये 'अमेडिअस'च्या पहिल्याच निर्मितीत संगीतकार मोत्सार्टची बायको कॉन्स्टान्झ, पुढच्या वर्षी पॉल स्कोफील्ड यांच्या ऑथेल्लोसमोर डेस्डेमोना. मग नाटककार टॉम स्टॉपर्ड यांच्या नाटकांची मालिकाच लागली: 'द रिअल थिंग', 'जंपर्स', 'हॅपगुड', 'आर्केडिया'. स्टॉपर्ड यांची वाक्यं बुद्धीची असतात, लांब आणि वळणावळणाची. ती माणसाच्या तोंडची वाटायला हवीत तर विनोदी नटाचा ताल लागतो. कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द हलकेच सोडून द्यायचा, हे गंभीर भूमिकेला विनोदाकडूनच मिळतं. १९८९ मध्ये 'मच अडू अबाउट नथिंग' आणि चेखव्हचं 'इव्हानोव्ह' या दोन्हींसाठी मिळून त्यांना लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड' या वृत्तपत्राचा सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. एक विनोदी, एक काळवंडलेलं. १९९५ मध्ये सीबीई हा ब्रिटिश किताब मिळाला.

तुम्ही स्वतः काम करता म्हणून आणखी एक सांगते. २००३ मध्ये त्यांनी सॅम्युअल बेकेट यांच्या 'हॅपी डेज'मधली विनी केली. पहिल्या अंकात विनी कमरेपर्यंत मातीच्या ढिगाऱ्यात पुरलेली, दुसऱ्या अंकात गळ्यापर्यंत. हात नाहीत, चालणं नाही, उरतात डोळे आणि आवाज. फेलिसिटी यांचा आवाज किंचित घोगरा, मध्येच चिरल्यासारखा. टीव्हीवर तो लाडिक म्हणून खपला. पण घरातली आरशासमोरची तालीम करून बघा: खुर्चीत बसा, हात मांडीखाली दाबून ठेवा आणि दहा मिनिटांचं स्वगत म्हणा. अंगाचा आधार गेला की आपल्या आवाजात काय उरतं, ते लगेच समजतं. तुमच्यावर बसलेल्या शिक्क्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, पण विनोद सोडू नका. तीच तुमची तालीम आहे.

वाशीच्या वाचक: "त्यांचं खासगी आयुष्य?"

दोन लग्नं, दोन मुलगे. पहिले पती अभिनेते ड्रू हेन्ली, दुसरे दिग्दर्शक मायकल रडमन. रडमन यांच्याशी घटस्फोट झाला, पुढे दोघं पुन्हा एकत्र राहू लागले, आणि २०२३ मध्ये ते गेले. 'व्हाइट कार्गो' हे फेलिसिटी यांचं आत्मचरित्र १९९८ मधलं, अखेरच्या आजारातल्या वडिलांच्या उशाशी बसून आठवलेलं. जेफ्री त्याच वर्षी गेले. बाकी खोलात जायची मला गरज वाटत नाही.

अंधेरीचे वाचक: "पृथ्वीशी त्यांचा काही संबंध आहे का? आणि त्या अजून काम करतात?"

पृथ्वी जेनिफरचं. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी जुहूला ते सुरू झालं, आणि पहिला प्रयोग कोणता, तर गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'चा, हिंदीतून. आपल्या भाषेतल्या नाटकाने त्या रंगमंचाचा पडदा उघडला याचा मला फार आनंद वाटतो. प्रेक्षकाच्या इतक्या जवळचा मंच जेनिफरला हवासा का वाटला असेल, हे शाळांच्या हॉलमधले ते दौरे आठवले की कळतं. १९८४ मध्ये कर्करोगाने ती लंडनमध्ये गेली, अवघ्या ५१ व्या वर्षी.

फेलिसिटी अजून काम करतात. २०२१ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, लंडनच्या बार्बिकनमध्ये 'एनीथिंग गोज' या संगीत नाटकात होत्या. पण तुमच्या दोन्ही प्रश्नांना एकत्र उत्तर देणारं नाटक वेगळंच आहे. स्टॉपर्ड यांचं लहानपण काही वर्षं दार्जिलिंगमध्ये गेलं. त्यांनी फेलिसिटीसाठी आधी नभोनाट्य लिहिलं आणि त्यातूनच १९९५ मध्ये 'इंडियन इंक' रंगमंचावर आलं. ते लॉरा केंडल यांच्या स्मृतीला अर्पण केलेलं आहे. १९३० साली भारतात आलेली इंग्रज कवयित्री फ्लोरा आणि तिचं चित्र काढणारा नीरद दास यांची ही गोष्ट. दास तिला नवरसांबद्दल सांगतो, शृंगार समजावतो, ती अडखळत ऐकते. १९९५ मध्ये फ्लोरा होती फेलिसिटी.

२०२५ च्या डिसेंबरात हे नाटक लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरमध्ये पुन्हा आलं. त्यात फेलिसिटी झाल्या मिसेस स्वान, फ्लोराची धाकटी बहीण. थोरली बहीण भारतात जाऊन तिथेच मरण पावली आहे. पन्नासहून अधिक वर्षांनी ही धाकटी इंग्लंडमधल्या आपल्या घरी बसून तिची पत्रं जपते आहे, आणि बहिणीबद्दल विचारायला दारात आलेल्या माणसाला चहा आणि केक देते आहे.