प्रश्न तुमचे : फोटो उडवण्याआधी ४ बाय ६ चा प्रिंट काढा

प्रश्न : चार वर्षं सोलापूरचे फोटो काढतोय. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, पूर्व भागातले यंत्रमाग. निम्मे उडवूनही हार्ड डिस्कवर चाळीस हजार उरलेत, पण कुणाला दाखवावा असा एकही नाही. कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला की कुठे हललेला, कुठे दाणे आलेले. गल्लीत सेटिंग जुळवेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान आकाराचा), लेन्स १८-५५ मिमी. नवीन लेन्स घेऊ का? (एक वाचक, अशोक चौक)

उत्तर : नका घेऊ. घोळ लेन्समध्ये नाही, मोजमापात आहे. तुमचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. ४ बाय ६ इंची प्रिंटला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, १८०० बाय १२०० पुरतात. म्हणजे स्क्रीनवर शंभर टक्क्यांना तीन ठिपके पसरलेली कड कागदावर एकाच ठिपक्यात मावते. जो दोष कागदावर उतरतच नाही, त्यापायी तुम्ही फोटो उडवताय. १२ बाय १८ ला मात्र ५४०० बाय ३६०० लागतात, तिथे हललेलं दिसेल. पण एवढे मोठे प्रिंट वर्षाकाठी किती काढता?

गल्लीतल्या घाईचं उत्तर घरातून निघतानाच द्यायचं. लेन्स २३-२४ मिमीवर ठेवा आणि झूमच्या रिंगवर चिकटपट्टी लावा. अपर्चर (लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ ८, शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) किमान १/२५० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता; वाढली की दाणे येतात) ऑटो, कमाल मर्यादा ६४००. तीन मीटरवरच्या एखाद्या दारावर फोकस करून मॅन्युअलला टाका, म्हणजे फोकस तिथेच राहील. साधारण दीड मीटरपासून तीसेक मीटरपर्यंत सगळं चालण्याइतपत स्पष्ट येतं. मग माणूस समोर आला की फक्त बटण दाबायचं. एक खोड लक्षात ठेवा : बऱ्याच किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या) कॅमेरा बंद केला की फोकस विसरतात. चालू केल्यावर पुन्हा तीन मीटरचं दार शोधा. फोटो काढल्या काढल्या मागच्या स्क्रीनवर दिसणंही बंद करून टाका, नाहीतर मान खाली जाते आणि पुढचा क्षण हुकतो.

यंत्रमागाच्या कारखान्यात मात्र एफ ८ चा हट्ट धरू नका. एफ ४, १/१००, आयएसओ १६०० ते ३२००. शटर १/१०० च का? आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. १/१०० किंवा १/५० ला त्याचा पूर्ण ठोका पकडला जातो. धोटा (आडवा धागा घेऊन मागात ये-जा करणारा) गोठवायला १/१००० वर गेलात की एक फ्रेम उजळ, दुसरी काळपट, कधी फोटोत आडवे पट्टे. शिवाय गोठलेल्या धोट्याचा माग बंद पडल्यासारखा दिसतो. १/१०० ला धोट्याची पांढुरकी रेघ येते, विणकराचा हात थोडा हलतो, ताणा (उभे धागे) मात्र स्थिर राहतो. हा फोटो तुम्ही आजवर उडवत आला असाल. तोच ठेवायचा.

निवड त्याच रात्री करू नका. दोन आठवडे फाइल उघडायचीच नाही. नंतर छोट्या आकारातच बघून साठ निवडा, लॅबमधून ४ बाय ६ काढून घ्या आणि जमिनीवर चादर अंथरून मांडा (सोलापुरात चादरीला तोटा नाही). बारा ठेवा. बाजूला काढताना कारण बोलून दाखवा : नजर कुठे ठरत नाही, हात कापलाय, मागचा खांब डोक्यातून निघालाय. ‘दाणे आलेत’ हे कारण चालणार नाही. फोकस माणसाऐवजी मागच्या भिंतीवर गेला असेल तर तो खरा दोष, तो फोटो खुशाल काढून टाका. उरलेले बारा कुणातरी दोघांना दाखवा आणि ते बघत असताना स्वतः गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड जातं.

जागा मात्र एकच धरा. किल्ला, तलाव, माग असं तिन्हीकडे फिरत राहिलात तर तिन्हीकडे पाहुणेच राहाल.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) नंदीध्वजाबरोबरच्या (मानाच्या उंच काठ्या) मंडळींची पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) फोटोत करडी का येते?

उत्तर : कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या छटेचं धरतं. पांढरे कपडे जास्त असले की उजेड जास्त झाला असं समजून ते फोटो काळवंडतं. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा. संध्याकाळी मागे अंधार असला की नेमकं उलटं होतं, कपडे फटफटीत पांढरे होऊन शिवण दिसेनाशी होते. तेव्हा कमी करा. दुपारच्या उन्हात टोपीखालचा चेहरा आणि बाराबंदी दोन्ही नीट येणार नाही. कापडाची शिवण सांभाळा, चेहरा रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) जमेल तेवढा उजळा आणि पुढे चला.

प्रश्न : मागावर फोटो काढून आल्यावर आकाशात काळे डाग दिसतात.

उत्तर : सुताची फुसं सेन्सरवर बसलीत. कारखान्यात लेन्स बदलू नका. घरी एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून डाग कुठे आहेत ते बघा, मग लेन्स काढून कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा डाग फुसापेक्षा चिवट असतो. कमी राहिले तर एफ ५.६ ला ते दिसणारही नाहीत.