संमतीपत्रावर सही करण्याआधी करारनाम्याचं पंधरावं कलम काढा

तापीकाठच्या एका गावातून एका तरुण अभियंत्याचं पत्र आलं आहे. सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांच्या वाट्यातून त्यांना गावातल्या काँक्रीट रस्त्याचं आणि गटारीचं काम मिळालं, पैसा पंचवीस-पंधराच्या, म्हणजे ग्रामविकास खात्याच्या २५१५ क्रमांकाच्या लेखाशीर्षातला. रस्ता ४०० मीटरचा, त्यातला २४० मीटर झाला. गटारीला अजून हात लागलेला नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी शाखा अभियंत्यांचा फोन आला : वरून निधीला कात्री लागलीय, आहे तिथं थांबा. पहिलं रनिंग बिल, म्हणजे काम चालू असताना झालेल्या भागाचं देयक, निघालं होतं, दुसरं अडकलं. आता निरोप आलाय की, ‘काम कमी करण्यास माझी संमती आहे, माझी कोणतीही मागणी नाही’ असं लिहून द्या, मग बिल काढतो. सही करू का आणि उरलेल्या कामाचा नफा मागता येईल का, असं ते विचारतात. पाचोऱ्यापासून शहाद्यापर्यंत अशी पत्रं या वर्षी मला इतकी आली आहेत की एकाला दिलेलं उत्तर बऱ्याच जणांच्या कामी यावं.

भाऊ, सही करू नका. निदान ते पत्र तुमच्यासमोर ठेवलंय त्या शब्दांत तरी नाही.

तुम्ही मला कार्यारंभ आदेशाचा फोटो पाठवलात, ग्रामपंचायतीचा ठराव पाठवलात, भूमिपूजनाचा फोटोही पाठवलात. करारनामा पाठवला नाहीत. फोनवर विचारलं तर म्हणालात, ‘बी-१ आहे, नेहमीचाच, सह्या करून दिला.’ बी-१ म्हणजे सरकारी बांधकामाच्या कराराचा छापील नमुना. सिमेंटच्या दुकानदाराची उधारी तुम्ही पै-पैशानं मोजता आणि ज्या कागदावर तुमची अनामत, तुमचं बिल, तुमचं घर उभं आहे तो वाचायला तुम्हाला एक संध्याकाळ मिळाली नाही, याचा मला खरोखर त्रास होतो. तुम्ही अभियंता आहात. ड्रॉइंग न वाचता तुम्ही स्लॅब टाकला असता का?

त्या बी-१ चं पंधरावं कलम काढा. छापील नमुन्यात ते असं सांगतं : ठेकेदाराचा दोष नसतानाही सरकारला काम थांबवता येतं किंवा त्यातला काही भाग वगळता येतो, मात्र तशी नोटीस लेखी द्यावी लागते. वगळलेल्या कामाबद्दल त्याच कलमात दिलंय तेवढंच मिळतं, त्यापलीकडे भरपाई नाही. म्हणून नफ्याचं विसरा. त्यासाठी दावा लावू नका, कोर्ट फीचे पैसे वाया जातील.

पण पुढचं पोटकलम तुमचं आहे. काम पूर्ण थांबवून सलग ९० दिवस उलटले की ठेकेदाराला उरलेल्या कामातून मोकळं होता येतं. त्यासाठी ते ९० दिवस संपल्यापासून ३० दिवसांच्या आत, १० दिवसांची आगाऊ लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाली की अभियंत्यानं झालेल्या कामाची अंतिम मोजमापं घ्यायची आणि अंतिम बिल ९० दिवसांत चुकतं करायचं. तुमच्या तारखा धरून मी दिवस मोजले. ज्या दिवशी हे लिहितोय तो १०४ वा दिवस आहे. तुमच्या हातात १६ दिवस आहेत, आणि हे वाचेपर्यंत त्यातले दोनतीन गेलेले असतील.

कार्यालय म्हणेल की आम्ही लेखी नोटीस दिलीच नव्हती, मग कसले ९० दिवस? हा मुद्दा पोकळ नाही, म्हणून पत्रातच त्याचा बंदोबस्त करा. अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक अधिकाऱ्यांनी फोनवरून काम थांबवायला सांगितलं, तेव्हापासून काम पूर्ण बंद आहे, हे लिहा. पंधराव्या कलमाखाली आपण उरलेल्या कामातून माघार घेत आहोत, हे लिहा. हे मान्य नसेल तर काम थांबवण्याचा लेखी आदेश आजच द्यावा, अशीही मागणी करा. हे पत्र आणखी एका कारणासाठी लागतं, आणि तिकडे कुणाचंच लक्ष नसतं. लेखी आदेश नाही म्हणजे कागदावर तुमचं काम आजही चालू आहे आणि मुदत टळतेय. दुसऱ्या कलमाखाली उशिराबद्दल दंड लागतो आणि तो अंदाजपत्रकाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. फोनवर थांबवलेल्या कामावर दोन वर्षांनी दंड कापल्याची बिलं मी पाहिली आहेत. तोंडी सांगणारे साहेब तोवर बदलून गेलेले असतात.

पत्र कार्यकारी अभियंत्यांच्या नावे द्या. आवक शिक्का घ्या. शिवाय स्पीड पोस्टानेही पाठवा आणि पावती जपा. व्हॉट्सॲपवर भागवू नका.

त्याच पत्रात थकलेल्या रकमेवर व्याजही मागा. १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज मिळू शकतं, करारात त्याला स्पष्ट मनाई नसेल तर. ‘निधी उपलब्धतेनुसार देयक, विलंबाचे व्याज नाही’ अशी ओळ अनेक निविदांत असते. तुमच्यात आहे का, पाहून ठेवा. ती असली तर व्याजाचं मी खात्रीनं सांगणार नाही.

मोजमाप पुस्तिकेत २४० मीटरची नोंद झालीय म्हणता, पण तुमची सही नाही. संयुक्त मोजणी मागा. खडी, सळई, जागेवर पडलेला सगळा माल तारखेसह फोटोत घ्या. केळीचे ट्रक त्या अर्धवट रस्त्यावरून जाऊ लागले आहेत. पुढे काठ फुटला तर दोष तुमच्या काँक्रीटवर येईल. मालाचे आणि बसून राहिलेल्या मिक्सरचे पैसे कितपत मिळतील ते सांगणं कठीण आहे, पण मागणी महिन्याच्या आत लेखी नोंदवली नव्हती, हा बचाव सोळाव्या कलमाखाली ते घेतीलच. ठरावीक मुदत टळली म्हणून हक्कच संपवणारी अट चालत नाही, असं सांगणाऱ्या करार कायद्याच्या २८ व्या कलमावर त्याविरुद्ध भांडता येतं. भांडण मात्र लांबचं आहे.

‘काम मंजूर होतं, मग पैसे कुठं गेले?’ असं तुम्ही लिहिलंय. प्रशासकीय मान्यता वेगळी आणि निधी वितरण वेगळं. मान्यतेच्या जोरावर निविदा निघते, भूमिपूजन होतं, तुमच्याकडून अनामत घेतली जाते. रोख मात्र हप्त्यानं येते, आणि हप्ता आटला की पहिला फटका गावातल्या लहान ठेकेदाराला बसतो. हे अन्यायाचं आहे. पण उरलेला रस्ता करायला कोर्ट सरकारला भाग पाडेल, अशी आशा गावाला लावू नका. त्यासाठी ग्रामसभेनं ठराव करून दुसऱ्या निधीतून मागणी करावी.

बिलासाठी दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. ‘मार्चनंतर बघू’ या तोंडी आश्वासनानं ती एका दिवसानंही वाढत नाही. मुदत संपण्याआधी सही करून दिलेली लेखी कबुली असेल तरच वाढते. सरकारविरुद्ध दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमाची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. जिल्हा परिषदेचं काम असेल तर नोटिशीचे नियम वेगळे, ते तुमच्या वकिलांकडून तपासून घ्या. अधीक्षक अभियंत्यांकडे दाद मागण्याची तरतूद करारात असते, ती पायरी गाळू नका. रक्कम कार्यालयानं कागदावर मान्य केली आणि तरी दिली नाही, तर छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट याचिकेचा विचार करता येईल. मोजमापाचाच वाद असेल तर बहुधा दिवाणी न्यायालयात पाठवतील, आणि तिथं किती वर्षं जातात ते तुमच्या वडिलांना बांधाच्या दाव्यावरून माहीत आहे. म्हणून तर ही १६ दिवसांची खिडकी मला इतकी मोलाची वाटते.

आता संमतीपत्राचं. तुम्ही ‘स्वखुशीनं’ काम कमी करायला कबूल झालात की सरकारनं काम थांबवलं हे उरतच नाही, आणि पंधराव्या कलमानं दिलेलं सगळं हातचं जातं. दुसरं बिल झालेल्या कामाचं आहे, त्यासाठी संमती मागण्याचं कारणच नाही. उधारीवाला दारात उभा आहे, घरात लग्न आहे, हे तुम्ही लिहिलंय, आणि मी ते हलक्यात घेत नाही. अगदीच इलाज नसेल तर ‘कोणतीही मागणी नाही’ ही ओळ खोडा, खोडल्यावर सही करा आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहा : ‘फक्त झालेल्या कामाचे देयक मिळण्यासाठी, करारनाम्यातील माझे सर्व हक्क राखून.’ त्याची झेरॉक्स घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. आणि माघारीची नोटीस त्याच्या आधी आवक झालेली असू द्या.