पुरवणी करारावर सही करण्याआधी

नाशिकमध्ये सातपूरला नोकरी करणाऱ्या एका वाचकांचं पत्र आहे. पाथर्डी फाट्याला ४८ लाखांचा फ्लॅट, ४२ लाख भरून झाले, ताबा २० महिने रखडलाय. बिल्डर शेवटच्या हप्त्यातून दीड लाख कमी करायला तयार आहे, "फक्त एक पुरवणी करार करून घेऊ" म्हणतो. बँकेतल्या मॅडम वाचलेले दीड लाख विम्याच्या गॅरंटीड प्लॅनमध्ये टाकायला सांगतात. यांचा प्रश्न असा: प्लॅन घेऊ की एसआयपी करू?

प्लॅन नको. तुमचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी चालू आहे आणि असले प्लॅन हिशेब मांडला की पाच-सहा टक्क्यांवर येतात. मॅडमना टार्गेट आहे, तुम्हाला नाही. हा विषय इथेच संपला.

आता न विचारलेलं. पुरवणी कराराचा मसुदा तुम्ही पत्रासोबत पाठवलात, पण तो वाचलेला दिसत नाही. परीक्षेत पुरवणी जोडली की आधीचं लिहिलेलं तसंच राहतं. इथे तसं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ६२ सांगतं की दोघांनी राजीखुशीने जुन्या कराराच्या जागी नवा केला किंवा जुना बदलला, तर जुना पाळायची गरज उरत नाही. तुमच्या मसुद्यात चौथ्या कलमात ताब्याची नवी तारीख आहे, आजपासून १४ महिन्यांची. सातव्यात लिहिलंय, "पूर्वीच्या ताबा तारखेबाबत लिहून घेणार यांची कोणतीही मागणी वा तक्रार राहिलेली नाही व यापुढे राहणार नाही." लिहून घेणार म्हणजे तुम्ही. दीड लाख त्या वाक्याचे आहेत.

त्या वाक्याची किंमत काढू. ताबा करारातल्या तारखेला मिळाला नाही आणि तुम्हाला फ्लॅट हवाच असेल, तर रेरा कायद्याच्या (बिल्डर-ग्राहक व्यवहारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या कायद्याच्या) कलम १८ नुसार ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज बिल्डरने द्यायचं असतं. महाराष्ट्रात हा दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधारभूत दर) अधिक दोन टक्के. साडेदहा धरा. ४२ लाखांवर महिन्याला ३६-३७ हजार. २० महिन्यांचे सव्वासात लाख आजच झाले, पुढचे १४ धरले तर साडेबारा. त्याच्या बदल्यात दीड!

बिल्डरला तुमची सही का हवी, तेही कळू द्या. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की रेरा नोंदणी करताना बिल्डरने नवी तारीख टाकली, तरी उशीर मोजायचा तो ग्राहकाशी केलेल्या करारातल्या तारखेपासून. त्याला एकट्याला ती तारीख हलवता येत नाही, म्हणून तो तुमच्याकडे आलाय. उद्या महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे गेलात तर त्याचा वकील पहिला हाच कागद पुढे करील आणि सही दबावाखाली केली हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात पडेल.

नववं कलमही बघा. वीज-पाण्याची जोडणी आणि मनपाचा पूर्णत्वाचा दाखला यांना लागणारा वेळ १४ महिन्यांत धरायचा नाही म्हणे. "साहेब तोंडी म्हणाले, आठ महिन्यांत देऊ," असं तुम्ही लिहिता. तोंडी आठ, कागदावर चौदा, आणि चौदाही मोकळे सोडलेले. नोंदणीकृत करारापुढे तोंडी शब्दाला कोण विचारतं?

पण सव्वासात लाख खात्यात आले असंही समजू नका. महारेराचा आदेश मिळाला तरी वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि ती रेंगाळते. मात्र तुमचे सहा लाख अजून बिल्डरला द्यायचे आहेत, त्यात हे व्याज वळतं करून घ्यायची बोलणी होऊ शकतात. स्वतःच्या मनाने हप्ता मात्र अडवू नका, त्याच दराने व्याज तुमच्यावरही लागतं.

तारीख बदलायला हरकत नसेल तर सातवं आणि नववं कलम काढायला लावा आणि "मूळ तारखेपासूनच्या व्याजाचा हक्क अबाधित ठेवून" एवढे शब्द घालून घ्या. ते नाही म्हणाले, तर मूळ करारनामा, इंडेक्स टू (करार नोंदल्याचा उतारा) आणि सगळ्या पावत्या घेऊन रेराची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा. तक्रारीची फी पाच हजार, वकिलाची वेगळी. दुय्यम निबंधकांकडची शुक्रवारची वेळ घेतलीय म्हणता, ती आजच फोन करून रद्द करा. शेवटच्या हप्त्याची वेळ येईपर्यंत सहा लाखांची एफडी मोडू नका.