चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जाणारी रेल्वे नेमकी कुठून जायची? तिच्या खुणा आज सापडतात का?

सापडतात. पण रूळ शोधत फिरू नका, समुद्राचा जुना किनारा शोधा. तो एकदा डोळ्यांपुढे आला की लाइन कुठून गेली, तिथूनच का गेली आणि पुढे का उखडली, हे सगळं उलगडत जातं.

आजची पश्चिम रेल्वे म्हणजे तेव्हाची बीबीसीआय, बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया. १८६४ मध्ये तिची गाडी ग्रँट रोडपर्यंत आली. कंपनीची नजर मात्र कुलाब्यावर होती, कारण कापसाचा बाजार १८४४ पासून तिथे भरत होता आणि गुजरातचा कापूस थेट तिथे नेऊन उतरवायचा होता. फोर्टातून रूळ न्यायला जागा कुठली? मोकळी होती ती बॅक बेच्या काठची पट्टी. म्हणून रूळ पाण्याच्या कडेकडेने खाली आले. मरीन ड्राइव्ह तेव्हा नव्हताच. मरीन लाइन्स आणि चर्चगेट ही किनाऱ्यावरची स्टेशनं होती, आणि चर्चगेट हे शेवटचं नव्हे, वाटेतलं स्टेशन होतं. कुलाब्याचं पक्कं टर्मिनस १८९६ मध्ये उभं राहिलं.

पुरावा हवा असेल तर राजाबाई टॉवरवरून पश्चिमेकडे घेतलेले १९३० पूर्वीचे फोटो बघा. ओव्हल मैदान, त्यापलीकडे रेल्वे आणि मग समुद्र. आज त्याच ठिकाणी ओव्हलच्या पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग आहे. त्या सगळ्या रूळ गेल्यानंतरच्या, १९३० च्या दशकातल्या. २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेली ही रांग कुलाबा लाइन हलल्यामुळेच उभी राहू शकली, असं मी मानतो. वारशाबद्दल बोलताना ही बाजू फार कमी लोक सांगतात, याचं मला वाईट वाटतं.

चालत बघायचं असेल तर चर्चगेट स्टेशनच्या दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडा आणि महर्षी कर्वे रोडने (जुना क्वीन्स रोड) ओव्हल डाव्या हाताला ठेवून कूपरेजकडे चला. त्यापुढे नाथालाल पारेख मार्ग, म्हणजे जुना वुडहाउस रोड. लाइन या रस्त्यांच्या पश्चिम अंगाने, समुद्राच्या बाजूने जायची. शेवटी बधवार पार्क लागेल. २००८ च्या हल्ल्याच्या बातम्यांमुळे हे नाव बहुतेकांना माहीत झालं. ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे, आणि कुलाबा टर्मिनस इथेच होतं. स्टेशन गेलं, पण जमीन रेल्वेकडेच राहिली. कुठल्याही शहरातली बंद लाइन शोधताना मी सगळ्यात आधी हेच बघतो. रूळ भंगारात जातात, स्टेशनं पाडली जातात, पण जमिनीची मालकी सहजासहजी बदलत नाही. महागड्या वस्तीत मधेच रेल्वेची कॉलनी दिसली, की तिथे पूर्वी काय होतं ते विचारायचंच.

आता बंद का झाली. ही लाइन गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडली, असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं मुळीच नाही. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली होती. त्याच वर्षी पेशावरची फ्रंटियर मेल सुरू झाली. म्हणजे नव्या विजेच्या तारांखालची चालती-बोलती लाइन तीन वर्षांत काढून टाकली. कारण बॅक बेचा भराव. १९२० पासून सरकारने समुद्र हटवून नवी जमीन करायला घेतली होती, आणि त्या जमिनीच्या व जुन्या शहराच्या मधोमध रेल्वे आडवी पडत होती. शिवाय कापसाचा बाजार शिवडीकडे हलला होता. हार्बरवरचं कॉटन ग्रीन स्टेशन त्याच बाजाराच्या नावाचं. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी १८ डिसेंबर १९३० ला मुंबई सेंट्रल उघडलं, ३१ डिसेंबरला कुलाब्याची सेवा संपली आणि चर्चगेट शेवटचं स्टेशन झालं.

दोन गोष्टींत गल्लत होऊ देऊ नका. कुलाबा कॉजवे किंवा फ्लोरा फाउंटनच्या परिसरात खोदकामात रूळ निघाले की लोक 'कुलाब्याची रेल्वे सापडली' म्हणतात. ते ट्रामचे असतात. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम कुलाब्यातून सुटू लागली आणि विजेची ट्राम १९६४ पर्यंत चालली. टेप लावून बघा: ट्रामच्या दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिमी, आपल्या ब्रॉडगेजचं १६७६. दुसरी गल्लत बॅलार्ड पिअरची. बोटीवरून उतरलेल्या साहेबांना घेऊन जाणाऱ्या गाड्या तिथून सुटायच्या, पण ती पोर्ट ट्रस्टची रेल्वे, पूर्व किनाऱ्यावरची. घरातल्या जुन्या माणसांच्या आठवणी ऐकताना गाडी कुठल्या किनाऱ्यावरची, हे आधी विचारून घ्या.

कागदपत्रांत सुरुवात नकाशांपासून करा. १८७२ चा लॉटन सर्व्हेचा नकाशा आणि १९३० नंतरचा कुठलाही नकाशा शेजारी ठेवा. किनारा किती सरकला ते लगेच दिसतं. त्यानंतर १९०९-१० चं मुंबई गॅझेटियर बघा, आणि मग एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जाऊन १९२० च्या दशकातले भरावाचे कागद मागा. रेल्वेच्या नावाने शोधलंत तर थोडंच मिळेल. टर्मिनस हलवण्याचा प्रश्न भरावाशी बांधलेला होता, म्हणून 'बॅक बे रेक्लमेशन' याच नावाने शोधा.