पोलंडच्या उद्योजकतेवर पहिल्यांदाच लिहिताय? मग हे वाचा

१९९० च्या बाल्त्सेरोविच योजनेपासून (पोलंडला बाजारी अर्थव्यवस्थेकडे नेणाऱ्या सुधारणा) सुरुवात करू नका, सगळे तिथूनच करतात. त्याआधी वर्षभर, १ जानेवारी १९८९ ला, विल्चेक कायदा लागू झाला होता. कायद्याने जे मना नाही ते करायची मुभा, हा त्याचा गाभा. गंमत म्हणजे तो आणला कम्युनिस्ट सरकारनेच, आणि उद्योगमंत्री विल्चेक स्वतः धंदेवाले!

मग वॉर्साच्या फुटपाथवर या. घडीच्या खाटा उघडून त्यांवर कपडे, खाद्यपदार्थ, जे मिळेल ते मांडून विकणारी माणसं. दुकानदारीची पहिली शाळा तीच. याच खरेदी-विक्रीला आधीची राजवट नफेखोरी ठरवून शिक्षा करत असे.

शेती मात्र विसरू नका. कम्युनिस्ट काळातही पोलंडमधली बहुतेक शेतजमीन खाजगीच राहिली, म्हणजे हिशोब आणि घासाघीस घरात होतीच. रशियात सामूहिकीकरणाने, म्हणजे जमिनी सामूहिक शेतांत ओढून, ही घरातली सवयही मोडून काढली. त्यामुळे रशियाचे निष्कर्ष उचलून पोलंडला चिकटवलेत, तर लेख समीक्षकांच्या पहिल्याच फेरीत परत येईल.

‘लोकांची मानसिकता बदलली’ असं लिहायचा मोह होईल. आधी परवाने, कर आणि कर्ज यांचं काय झालं ते तपासा. उद्योजकांच्या मुलाखतीत स्वप्नांबद्दल नंतर विचारा. पहिलं भांडवल कुठून आणलं, हे आधी.