दिन की दीन? चूक कानाची नाही

तासगावच्या एका ताईंनी विचारलंय: तिसरीतल्या मुलाने ‘प्रजासत्ताक दीन’ लिहिलं. शाळेत सांगतात, नीट ऐकून लिही. तो ऐकूनच लिहितो, मग चुकतं कुठे? शिवाय ‘माळ’सारखे दोन अर्थांचे शब्द कसे शिकवायचे?

ताई, मुलाचा कान एकदम तयार आहे. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण बोलताना गाळतो आणि त्याआधीचा इ-उ आपोआप लांबतो. ‘दिन’, ‘गुण’, ‘विष’ मोठ्याने म्हणून बघा. दीन, गूण, वीषच ऐकू येतं. अस्सल मराठी शब्द आपण तसेच लिहितोही: फूल, मीठ, तीळ. ‘दिन’, ‘गुण’ मात्र संस्कृतातून जसेच्या तसे आले आणि १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी त्यांचं ऱ्हस्व तसंच ठेवलं. तिथे कान काय करणार? नेहमीचे पंधरा-वीस शब्द पाठच करून घ्या. (दीन म्हणजे गरीब, बापुडा. आमच्या सांगलीत दर जानेवारीत एखाद्या तरी फलकावर प्रजासत्ताक बापुडं होतंच, आणि ते फलक काही तिसरीतली पोरं रंगवत नाहीत.)

तो ‘फुल’ही लिहीत असेल, कारण ‘फुलाचा’ ऱ्हस्व असतं. म्हणून जोडीनेच म्हणून घ्या: फूल-फुलाचा, मीठ-मिठाचा.

कानाचा खरा उपयोग ल-ळला. यार्डात हळदीचा माल, गळ्यात माळ. ‘ल’ म्हणताना जीभ दातांमागे टेकते, ‘ळ’ला मागे वळते, आरशात दाखवा, पोरांना गंमत वाटते. घरात ‘पानी’ म्हणत असाल तर ‘ण’ मात्र वाचूनच डोळ्यांत बसेल. त्यासाठी बोलण्यावरून रागावू नका.

आता तुमची ‘माळ’. गावाबाहेरचा माळ आणि मण्यांची माळ, लेखन एकच. प्रत्यय लावला की फोड होते: माळावर शेळ्या, माळेत मणी. तसंच नावाची पाटी, नावेची वल्ही.

‘जग’ तर त्याहून मजेशीर. ‘हे जग’ आणि ‘सुखाने जग’ यांतले ज वेगळे, पण लिपीत अक्षर एकच. मुलाला दोन्ही वाक्यं वाचायला द्या. कोणी न शिकवता बरोबर वाचेल.